बापाचा व्हिसा

नगर जिल्ह्यातून परदेशी शिकायला निघालेल्या पोराची एकच परीक्षा होते, इंग्रजीची. बाकीच्या सगळ्या बापाच्या होतात.

पोरगं दोन महिने सावेडीतल्या क्लासला जातं, कानाला हेडफोन लावून कुठल्याशा ऑस्ट्रेलियन बाईचं बोलणं ऐकतं, साडेसहा बँड आणतं आणि मोकळं होतं. त्या रात्री त्याच्या स्टेटसला विमान उडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप मोटरसायकलला किक मारतो. तलाठी, सेतू, तहसील, बँक, सीए, नोटरी, पतसंस्था, मेहुणा. मेहुणा शेवटी, कारण एकदा त्याच्याकडून पैसे घेतले की उरलेला जन्म त्याच्या घरच्या प्रत्येक कार्यात वाढपी म्हणून उभं राहावं लागतं.

या फेऱ्यांत बापाला स्वतःविषयी बरीच नवी माहिती मिळते. पहिली म्हणजे तो गरीब आहे. परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीला अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा तहसीलदाराचा दाखला लागतो. तो मिळायला फार त्रास पडत नाही. आपल्या राज्यात शेतकऱ्याचं उत्पन्न कमी आहे हे पटवायला कोणालाच घाम गाळावा लागत नाही, सरकारलाही नाही. शिष्यवृत्तीत नंबर लागला नाही की तोच बाप त्याच कपड्यांत सीएच्या समोरच्या खुर्चीत बसतो आणि तिथं त्याला दुसरी माहिती मिळते, की तो कोट्यधीश आहे. बागायत सहा एकर, विहिरी दोन, ट्रॅक्टर, गोठा, घर, बायकोच्या अंगावरचं सोनं. बेरीज दोन कोटी चाळीस लाख. खाली सीएची सही, शिक्का आणि अठरा आकडी युडीआयएन. एवढी शून्यं आपल्या नावापुढं त्याने जन्मात पाहिलेली नसतात. तो घरी येऊन म्हणतो, "अगं, आपण दोन कोटीचे आहोत." ती म्हणते, "मग आधी किराणावाल्याचे देऊन या."

यात खोटं काही नाही, हे लक्षात घ्या. जमीन कोटीची आहे आणि तिच्यातून वर्षाला निघतं ते तहसीलदाराने लिहिलंय त्याच्याच आगेमागे. दोन्ही कागद खरे. नगरच्या शेतीवर एवढं नेमकं भाष्य आजवर कोणत्याच आयोगाने केलेलं नाही.

आता बँक. बँकेतला साहेब तीन वर्षांचे आयटीआर मागतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ही सरकारची शेतकऱ्यावरची माया. कर नाही म्हणून विवरणपत्र नाही, विवरणपत्र नाही म्हणून साहेबाच्या लेखी उत्पन्नच नाही. ज्या माणसाने तीस वर्षं ऊस, कांदा आणि तीन पोरं पिकवली, तो संगणकाच्या पडद्यावर बेरोजगार दिसतो. मग जाणता सीए सुचवतो, "काहीतरी धंदा दाखवू." दूधधंदा आयकराच्या हिशोबात शेतीत बसत नाही, म्हणून तो कामाला येतो. गोठ्यात तीन गाई असतात, कागदावर अकरा होतात. वरच्या आठ गाई चारा खात नाहीत, आजारी पडत नाहीत आणि दूध फक्त मार्चअखेरीला देतात.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं आयकरात वजावट मिळते, असंही साहेब उत्साहाने सांगतो. ज्याला आयकरच लागत नाही त्याने ती वजावट देव्हाऱ्यात ठेवावी आणि रोज हळदकुंकू वाहावं.

साडेसात लाखांपर्यंतचं कर्ज बँका तारणाशिवाय देतात. साडेसात लाखांत परदेशातलं एक सत्रसुद्धा धड निघत नाही. त्यापुढं तारण. इथं बाप पहिल्यांदा ऐटीत पुढं सरकतो, कारण तारण त्याच्याकडे आहे. पिशवीतून तो सातबारा काढतो. साहेब चष्मासुद्धा न लावता तो कागद परत सरकवतो. शेतजमीन चालत नाही.

बापाला हे समजत नाही. सोसायटीच्या पीककर्जाला चालते, सावकाराला तर फारच चालते, मग पोराच्या शिक्षणाला काय झालं? झालंय ते असं. कर्ज थकलं तर कोर्टाची पायरी न चढता तारण विकण्याचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने दिला आणि त्या अधिकारातून शेतजमीन वगळली. शेतकऱ्याची जमीन कोणी परस्पर लिलावात काढू नये, म्हणून. कायद्याने जमीन वाचवली आणि जी सहज विकता येत नाही तिच्यात बँकेला रस उरला नाही. बापाचं भलं करणाऱ्या कायद्यांनी बापाला जेवढं छळलंय तेवढं दुष्काळानेही छळलं नसेल.

बरं, राहतं घर? ते गावठाणात. त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, घरपट्टीच्या पावत्या आहेत, आज्याने खणलेला आड आहे. बँकेचा वकील म्हणतो, घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. मालमत्ता पत्रक आणा. स्वामित्व योजनेत गावावरून ड्रोन फिरून गेलेला असतो. सगळं गाव मान वर करून बघत होतं, पोरांनी व्हिडिओ काढले, आपलं पत्रक आलं का हे विचारायला मात्र कोणी गेलेलं नसतं.

तेव्हा शोध सुरू होतो तो एनए प्लॉट, शहरातला फ्लॅट आणि फॉर्म सोळा या तिन्ही गोष्टी असलेल्या नातेवाइकाचा. असा माणूस घराण्यात एकच असतो. बहुधा तो शिक्षक असतो, नाहीतर महावितरणात. लग्नकार्यात त्याला ओवाळताना बायका जरा जास्तच वेळ घेतात. त्याने आतापर्यंत चार भाच्यांना आणि एका साडूला जामीन राहून सह्या संपवलेल्या असतात. सहाव्याच्या वेळी त्याचा फोन दोन आठवडे नेटवर्कच्या बाहेर जातो, तो नगरच्या पाईपलाईन रोडला राहत असूनही.

मग एकर विकायचं ठरतं, आणि सातबाऱ्यावरच्या आत्या जाग्या होतात. इतर अधिकारांत तीन आत्यांची नावं आहेत हे तीस वर्षं कोणाच्या गावी नसतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ते एकदम ठळक दिसू लागतं. हक्कसोड पत्रावर सही हवी. एक आत्या श्रीरामपूरला, एक शेवगावला, एक पिंपरीला. बाप साड्या घेऊन निघतो. तिथं आत्या हिशोब काढते, "माझ्या पोराला कोपरगावला इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा दादा, तुझ्याकडे दहा हजार मागितले तर पीक गेलं म्हणाला होतास. आता लंडनचं पीक बरं आलं?" आत्याचं बरोबर आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क दिला. आपण त्याची अंमलबजावणी हक्क सोडून घेण्यापुरती करतो.

एवढं करून पैसे उभे राहिले तरी ते असून भागत नाही. दिसावे लागतात, आणि तेही ठरलेले दिवस.

ब्रिटनचा नियम पाहा. फीशिवाय नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च खात्यात दाखवायचा. नोव्हेंबर २०२५ पासून हा आकडा लंडनसाठी महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड झाला. लंडनचे नऊ महिने म्हणजे १३,७६१ पौंड, आपले सोळा लाखांच्या घरात. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात राहिली पाहिजे. मध्ये एक दिवससुद्धा आकडा खाली गेला तर मोजणी पहिल्यापासून. इंग्रजांनी हा नियम केला तो लोकांनी उसनवारी करून खातं फुगवू नये म्हणून. आपण त्याचा अर्थ घेतला की उसनवारी २८ दिवसांची करावी. पैसे दाखवण्यापुरते देणारी आणि त्यावर टक्केवारी घेणारी माणसं कुठं भेटतात हे पोराच्या बापाला विचारावं लागत नाही. तीच त्याला शोधत येतात. अठ्ठावीस दिवस बाप श्रीमंत असतो. रोज पासबुक छापून आणतो. एकोणतिसाव्या दिवशी पैसे जातात आणि पोरगं विमानात बसतं. व्हिसा अधिकाऱ्याने खात्री करून घेतलेले ते नऊ महिने पोराला मग तिकडं खोकी उचलून काढावे लागतात. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायची त्याला मुभा नसते. कागदावर बोललेलं खोटं शेवटी दंडांना फेडावं लागतं, मग कागद लंडनचा का असेना.

जर्मन माणसाने मात्र आपल्याला बरोबर ओळखलंय. पैसे दिसले म्हणजे ते आहेत, यावर त्याचा विश्वास नाही. तो वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका कुलूपबंद खात्यात भरून घेतो आणि पोराला महिन्याला ९९२ च काढू देतो. त्याआधी तुमची पदवी खरी आहे याचं एपीएस नावाचं वेगळं प्रमाणपत्र मागतो. पण हा संशयी माणूस बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवायची फी घेत नाही. आपल्याकडं उलटं आहे. विश्वास सगळा आणि फीही सगळी.

आता एक प्रश्न चाणाक्ष वाचक विचारेल. जर्मनीत फी नसेल तर आपली निम्मी पोरं ब्रिटनमधल्या ज्यांची नावं ब्रिटिशांनाही आठवून सांगावी लागतील अशा विद्यापीठांत काय करतात? उत्तर चौकातल्या पाटीवर आहे: 'मोफत समुपदेशन'. ऑफिसात एसी असतो, भिंतीवर बिग बेन, टेबलावर चार देशांचे झेंडे. पाणी विचारतात, चहा विचारतात, पोराला 'सर' म्हणतात. पैसे मागत नाहीत. बाप हरखून जातो. तीस वर्षांत त्याच्याकडून पैसे न घेणारं हे पहिलंच ऑफिस. पैसे विद्यापीठ देतं, भरती झालेल्या पोरामागं, फीच्या हिशोबाने. विद्यापीठ ते आणतं फीतून, आणि फी भरतो बाप. मोफत सल्ल्याचं बिल इतकं लांबून फिरून येतं की तो ते ओळखत नाही. जिथं फीच नाही तिथं कमिशन कसलं, म्हणून जर्मनीचा झेंडा टेबलावर असतो खरा, पण विषय निघाला की "तिकडं भाषेचा प्रॉब्लेम आहे हो" एवढ्यावर मिटतो.

भाषेचा प्रॉब्लेम! जो पोरगा "काय शिकणार?" या साध्या मराठी प्रश्नाला "मॅनेजमेंटच्या साइडला" असं उत्तर देतो, त्याच्यासाठी ही काळजी.

पैशाच्या येण्याकडं एकदा नजर टाकू. नगरमधला पैसा दोन वाटांनी येतो, ऊस आणि कांदा. (दूधही आहे, पण त्यातून पोराचा मोबाईल रिचार्ज निघतो, सत्राची फी निघत नाही.) ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद. ही बंदी उठली ४ मे २०२४ ला, लोकसभा निवडणुकीचं मतदान चालू असताना. या पाच महिन्यांत राहुरी, पारनेर, घोडेगावच्या बाजारात ज्याचा माल होता त्याला विचारा. नेमका हाच काळ परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशपत्रांचा आणि अनामत भरण्याचा. म्हणजे कांद्याला परदेशी जायची बंदी आणि त्याच्या जिवावर परदेशी जाणाऱ्या पोराला 'कृपया मुदतीत पैसे भरा'चा ईमेल. कमाई रुपयातली, तीही पाडलेली. खर्च डॉलरातला.

डॉलरचंही बघा. २०२३ साली तो ८२-८३ रुपयांना होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. चाळीस हजार डॉलर खर्चाचा कोर्स ८२ च्या भावाने ३२ लाख ८० हजारांचा होता, ९० ने ३६ लाखांचा झाला. वरचे ३ लाख २० हजार बापाने कशाबद्दल दिले? कशाबद्दलच नाही. त्या पैशात एक जादा तास नाही, जादा पुस्तक नाही.

उसाचं गणित याहून मजेशीर. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत असं तो म्हणतो. खात्यात २८ दिवस पैसे हवेत हा लंडनचा नियम. चौदा आणि अठ्ठावीस, दोन्ही नियम एकाच बापाला लागू. त्यातला एकच काटेकोर पाळला जातो, आणि तो आपल्याकडचा नाही.

ज्यांनी शहाणपणाने आधीच मुदतठेव करून ठेवली त्यांचं तरी बरं झालं म्हणावं, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीवर विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंत. पोराच्या शिक्षणासाठी म्हणून वीस लाख ठेवलेल्या माणसाचं पोरगं पाच लाखांपुरतंच शिकणार होतं, असं धरून चाला.

शिष्यवृत्त्या आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीतल्या पंच्याहत्तर विद्यार्थ्यांना मिळते, सारथीचीही योजना आहे. यातून जिद्दीची पोरं खरोखर जगातल्या मोठ्या विद्यापीठांत पोचली आहेत, याबद्दल तिरकस लिहायचं पाप मी करणार नाही. तिरकस लिहायचं आहे ते दिल्लीबद्दल. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२५-२६ साठी १०६ जणांची निवड झाली. पहिल्या फेरीत तात्पुरती पत्रं मिळाली चाळिसांना. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आलं की निधी उपलब्ध झाल्यास बघू. तिकडचं विद्यापीठ सप्टेंबरला सुरू होतं, तेही निधी उपलब्ध झाल्यास सुरू करा असं त्यांना कळवायला हवं होतं.

ज्यांच्या नावाने राज्याची योजना आहे त्या शाहू महाराजांच्या काळात परदेशी शिक्षणाचे पैसे उभे करायचं काम कसं चालायचं? आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अमेरिकेनंतर धरलेलं लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून १९१७ ला परत यावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, नोकरी, उसनवारी, राजाश्रय: पैसे उभे करायच्या तेव्हा उपलब्ध असलेल्या सगळ्या वाटा एका माणसाने वापरल्या. फरक एवढाच की पैसे कुठून आणायचे हे ठरवण्याआधी काय शिकायचं हे ठरलेलं होतं.

आणि आपल्या जिल्ह्याचं म्हणाल तर परदेशी शिकायला गेलेल्या नगरी पोरांत माझा सर्वांत आवडता पारनेरचा. पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८०. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला, मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवली आणि १९०४ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेला. आजच्या भाषेत, प्रोफाइल एकदम स्ट्राँग. शिष्यवृत्ती मिळतेय, बापाला सातबारा काढावा लागलेला नाही. आणि हा गृहस्थ तिकडं जाऊन हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण करतो! शिष्यवृत्ती गेली. मग लंडनमार्गे पॅरिस, तिथं रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवायचं तंत्र, आणि ती विद्या घेऊन परत मायदेशी. पुढं मुळशी सत्याग्रहाने त्याला सेनापती केलं.

आज व्हिसाच्या अर्जासोबत पोराला एक निबंध द्यावा लागतो: मी हे का शिकणार, शिकून मायदेशी परत येऊन काय करणार. तो निबंध मोफत समुपदेशनाच्या ऑफिसातली एक मुलगी लिहून देते. सगळ्यांचा सारखाच असतो, शेवटचं वाक्य 'मी भारतात परतून देशाच्या विकासाला हातभार लावीन'. पोराचा परतायचा विचार नसतो, मुलीला ते माहीत असतं, अधिकाऱ्यालाही असतं. परदेशात शिकून मायदेशी येऊन देशासाठी काहीतरी करीन हे ज्याने तंतोतंत खरं केलं, तो पारनेरचा बापट. आज त्याने आपला हेतू प्रामाणिकपणे लिहून दिला असता तर दिल्लीचं विमानसुद्धा मिळालं नसतं.

भाषणावरून शिष्यवृत्ती जाण्याचे दिवस गेले असं कोणाला वाटत असेल तर जून २०२५ पासूनचा अमेरिकेचा नियम वाचावा. विद्यार्थी व्हिसाला अर्ज करणाऱ्याने समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची. अधिकारी ती चाळणार. त्यामुळं हल्ली घराघरांत रात्री पोस्टी पुसण्याचा कार्यक्रम चालतो. आमच्या पोरांच्या खात्यांत साम्राज्यशाहीवर अर्थात काही नसतं. नेत्याचा वाढदिवस, तलवारीने कापलेला केक, उघड्या जीपवरची मिरवणूक. आणि खात्याचं नाव 'जामखेडचा डॉन'. बाप ओरडतो, "अरे कारट्या, ते डॉन काढ आधी, तिथं खरंच धरतात."

नाव काढायच्या भानगडी कागदावरही असतात. जन्मदाखला अहमदनगरचा, रहिवासी दाखला अहिल्यानगरचा. लंडनच्या माणसाला वाटतं हे कुटुंब मध्येच गाव सोडून गेलं. मग दोन्ही एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. नोटरीला तरी या नामांतराचा ठोस लाभ झाला.

निघायचा दिवस जवळ येतो तशी आई बॅग भरते. तेवीस किलोच्या दोन. कुकर, शेंगदाण्याची चटणी, शिपी आमटीचा मसाला, देवाचा फोटो, औषधांची पिशवी. पोराला वरण कसं लावायचं हे शेवटच्या आठवड्यात शिकवलं जातं. बावीस वर्षांत ती वेळ आली नव्हती. मुलगी जाणार असेल तर हे शिकवावं लागत नाही, तिला ते येतं. तिच्या बाबतीत वेगळं शिकवणं चालतं, आधी लग्न का करू नये. "सासरचे पाठवतील की!" असं म्हणणारी एक मावशी असतेच. पोराच्या कर्जाला 'गुंतवणूक' म्हणणारं घर पोरीच्या कर्जाला 'खर्च' म्हणतं. व्याजाचा दर बँक दोघांनाही तोच लावते.

आणि मग वेशीवर फ्लेक्स लागतो. 'आमच्या गावचे भूषण, लंडन येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर तीन नेते, बाजूला सरपंच, उपसरपंच, माजी सरपंच, तंटामुक्ती अध्यक्ष, खाली कोपऱ्यात पासपोर्ट आकारात पोरगं. फ्लेक्सवर शुभेच्छुक चौदा, त्यांत जामीनदार एकही नाही. बापाचा फोटो त्यावर नसतो. तो तिथंच खाली उभा राहून हार कुठून आला, पेढे किती लागतील, मुंबईच्या गाडीचे किती ठरले, हे बघत असतो. कोणीतरी माइकवर म्हणतं, पोराने बापाचं नाव काढलं. बापाचं नाव खरं तर बँकेने आधीच काढलेलं असतं, सहकर्जदार म्हणून.

म्हणून पोरांच्या बापांना आणि आयांना दोनतीन गोष्टी सांगतो. सल्ला मोफत आहे, कमिशन नाही, शपथ घेतो.

चहा पाजणाऱ्या ऑफिसात बसलात की पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या पोरामागं तुम्हाला कोणत्या विद्यापीठाकडून किती मिळतात? तो हसला तर चहा संपवून उठा. दुसरा प्रश्न पोराला, आईच्या समोर: कोर्सचं पूर्ण नाव काय आणि त्यातले दोन विषय कोणते? सांगता आलं नाही तर सातबारा पुन्हा ट्रंकेत ठेवा. कर्जाच्या कागदांवर सही करताना व्याज कधीपासून चढतं ते साहेबाला मोठ्याने वाचायला लावा. बहुतेक ठिकाणी ते पैसे उचलल्या दिवसापासून चढतं, हप्ता नंतर सुरू होत असला तरी. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या पैशातून भरलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस हा आगाऊ कर कापला जात नाही. कोणी कापत असेल तर तिथल्या तिथं भांडा.

आणि हप्ता सुरू व्हायची तारीख. कोर्स संपल्यावर सहा महिने किंवा वर्षभरात ती येते, पोराला नोकरी लागो न लागो. घरातल्या कॅलेंडरवर आजच तिच्याभोवती लाल गोल करा. साधारण त्याच सुमाराला पोराच्या लग्नाचं बोलणं निघेल. मुलीकडच्यांनी "मुलगा फॉरेनला असतो ना?" असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी तो गोल एकदा बघून घ्या.